ओळख हॉलमध्ये होते, नातं शेडवर जुळतं

प्रश्न असा आला आहे: "कोल्हापूर जिल्ह्यात दोन वर्षांपूर्वी गेज आणि मापन उपकरणांच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे त्यांची अचूकता तपासून सर्टिफिकेट देण्याची छोटी लॅब सुरू केली. प्रयोगशाळांना लागणारी एनएबीएल मान्यता आहे, काम चोख आहे. गेल्या वर्षभरात उद्योजकांच्या चौदा कार्यक्रमांना गेलो. तीनशेच्या वर व्हिजिटिंग कार्डं जमली, पण त्यातून कामं मिळाली दोन. स्वभावाने मी अबोल आहे. अशा ठिकाणी माणसांशी खरी ओळख जमवायची कशी?"

मी शिरोली एमआयडीसीत चोवीस वर्षं औद्योगिक पॅकिंगचा धंदा करते. पॅलेट, लाकडी पेट्या, कोरुगेटेड बॉक्स, गंज रोखणाऱ्या व्हीसीआय पिशव्या. माझी निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं कुणाच्या ना कुणाच्या शब्दावर आली आहेत, आणि पहिली तीन वर्षं मीही तुमच्यासारखीच कार्डं गोळा करत फिरले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मला सांगा, ती तीनशे कार्डं कुणाची आहेत? माझा अंदाज, बहुतेक मालकांची. स्नेहमेळावा, वार्षिक सभा, पुरस्कार वितरण, इथे मालक येतात. तुमचं काम मात्र मालकाच्या टेबलावर कधी जातच नाही. भोकाचं माप तपासणाऱ्या प्लग गेजच्या सर्टिफिकेटची मुदत संपली हे मशिन शॉपमध्ये सगळ्यात आधी कुणाला कळतं? क्वालिटीच्या माणसाला. गुणवत्ता तपासणारा ऑडिटर समोर उभा राहिला की घाम कुणाला फुटतो? त्यालाच. मालक फक्त बिलावर सही करतो, आणि सही करताना विचारतो, "हे कोण? मागच्या वेळचे कुठे गेले?" तेव्हा तुमच्या बाजूने बोलणारा माणूस आत हवा. वर्षभर तुम्ही दारावरच्या पाटीशी बोलत होतात, आत काम करणाऱ्या माणसाशी गाठच पडली नाही.

क्वालिटीची, मेथड्सची, प्रॉडक्शनची माणसं भेटतात ती तांत्रिक व्याख्यानांना. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेन या ओतकामवाल्यांच्या संस्थेच्या कोल्हापूर चॅप्टरचे कार्यक्रम असतात. शिरोलीत स्मॅक, गोकुळ शिरगावात गोशिमा, उद्यमनगरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, या उद्योजकांच्या संघटनांकडे प्रशिक्षण, नव्या नियमांची माहिती असं काहीतरी होत असतं. तिथे गर्दी कमी, जेवण साधं, कधी नुसता चहा-बिस्किटं. पण तिथे आलेला माणूस काहीतरी अडलेलं घेऊन आलेला असतो, आणि माणूस खरं बोलतो तो अडलेल्या गोष्टीबद्दलच.

नियमित भेटणाऱ्या गटांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल म्हणून सांगते. एकमेकांना कामं सुचवणाऱ्या व्यावसायिकांचं, १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेलं बीएनआय आता आपल्याकडेही पसरलं आहे. त्यात एका चॅप्टरमध्ये एका व्यवसायाचा एकच सदस्य असतो. माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी उभा केलेला सॅटर्डे क्लब आहे. दोन्हीकडे मनापासून काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. पुन्हा पुन्हा तेच चेहरे दिसले की विश्वास बसतो, हा त्यांचा मोठा गुण. सामील होण्याआधी पाहुणा म्हणून जा आणि एकच गोष्ट बघा: त्या खोलीतल्या किती जणांचं गिऱ्हाईक आणि तुमचं गिऱ्हाईक एक आहे? मिठाईवाले, विमा सल्लागार, इंटिरिअर डिझायनर, फोटोग्राफर ही सगळी भली माणसं असतील, पण मशिन शॉपच्या क्वालिटी विभागात त्यांचं जाणं-येणं नसतं. माझ्यासारखीला, म्हणजे बॉक्स सगळ्यांनाच लागतात अशा धंद्याला, असा गट चालतो. तुमच्या धंद्याला चालेलच असं नाही. फी भरण्याआधी हा हिशोब मांडा.

आता मुख्य गोष्ट. कार्यक्रमात गिऱ्हाईक शोधू नका. तुमच्या गिऱ्हाइकाच्या दारात तुमच्या आधी कोण जाऊन उभा असतो, त्याला शोधा. आयएसओ आणि आयएटीएफ या गुणवत्ता मानकांची कागदपत्रं करून देणारा सल्लागार. गेज विकणारा. व्हर्नियर-मायक्रोमीटर दुरुस्त करणारा. सीएमएम या मापनयंत्रावर मोजमाप करून देणारा. धातूतले घटक (स्पेक्ट्रो) आणि कडकपणा (हार्डनेस) तपासणारी टेस्टिंग लॅब. वजनकाट्याचा मेकॅनिक. या प्रत्येकाला महिन्यातून दोन-तीनदा कुणीतरी विचारतं, "कॅलिब्रेशनसाठी कोण चांगलं आहे हो?" त्या क्षणी त्याच्या तोंडी तुमचं नाव यायला हवं. अशी सहा माणसं तुमची झाली की तीनशे कार्डांची गरज उरत नाही.

कोल्हापुरात हे नवीन नाही. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीने इथे यंत्रकामाचा पाया घातला, आणि उद्यमनगर वाढलं ते शेजारधर्मावर. एकाने पॅटर्न करायचा, दुसऱ्याने ओतायचं, तिसऱ्याने टर्निंग, चौथ्याने ग्राइंडिंग. एका गल्लीत काम फिरायचं आणि कामाबरोबर माणसाचं नावही फिरायचं. "त्याच्याकडे टाक, तो वेळेत देतो." आजही आपल्याकडे याच वाक्यावर धंदा चालतो.

अबोल असण्याची काळजी करू नका. मी तुम्हाला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती सांगते: नोंदणीच्या टेबलावर बसा. आयोजकांना दोन दिवस आधी फोन करून म्हणा, "मी अर्धा तास लवकर येतो, नोंदणीला मदत करतो." कुणी नाही म्हणत नाही, कारण त्या टेबलावर बसायला माणूस कधीच मिळत नाही. मग प्रत्येक जण स्वतःहून तुमच्याकडे येतो, नाव सांगतो, कंपनी सांगतो. तुम्हाला कुणाच्या घोळक्यात घुसावं लागत नाही. चहाच्या वेळी ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे तुम्ही जाता तेव्हा तो तुम्हाला आधीच ओळखत असतो. सुरुवातीच्या काळात हॉलमध्ये मी एकटीच बाई असायचे. पहिला प्रश्न यायचा, "मिस्टर कुठे आहेत?" त्या टेबलावर बसायला लागल्यापासून तो प्रश्न बंद झाला. लोक मला माझ्या कामासाठी ओळखायला लागले.

उभं राहून ओळख करून द्यायची वेळ आली तर "आमच्याकडे सर्व प्रकारच्या उपकरणांचं कॅलिब्रेशन योग्य दरात आणि वेळेत केलं जातं" असलं वाक्य नको. ते ऐकताना लोक मोबाईल बघतात. तुमच्या कामातला एक प्रसंग सांगा. "परवा एका मशिन शॉपमधून फोन आला. सोमवारी ऑडिट, आणि शुक्रवारी संध्याकाळी कळलं की अकरा गेजची मुदत संपली आहे. अशा माणसाला मी शनिवार-रविवारी काम करून देतो. तुमच्या ओळखीत कुणाचं ऑडिट जवळ आलं असेल तर माझं नाव सांगा." बसा खाली. ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर लगेच एखादा माणूस येतो, कारण शुक्रवारी संध्याकाळी घाबरलेला माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो.

समोरासमोर बोलताना स्वतःच्या लॅबचं आधी काढू नका. विचारा. "सध्या कुठल्या कामात अडकलाय?" "पावसाळ्यात काय त्रास होतो?" "कस्टमरचं ऑडिट कधी?" आणि मग खरोखर ऐका. एका कार्यक्रमात तीन माणसांशी असं बोलणं झालं तर भरपूर झालं. निघायचं असेल तर सरळ सांगावं, "मी जरा त्यांनाही भेटून येतो, उद्या फोन करतो." आणि दुसऱ्या दिवशी फोन करावा. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

माझ्या बाबतीत घडलेली एक गोष्ट सांगते, कारण "मदत करा, धंदा येईल" हे वाक्य सगळेच म्हणतात आणि त्याचा नेमका अर्थ कुणी सांगत नाही.

२०११ च्या पावसाळ्यात एका व्याख्यानानंतर चहा घेताना एका फौंड्रीचा क्वालिटीचा माणूस शेजारी उभा होता. चेहरा उतरलेला. त्यांनी युरोपला पाठवलेल्या मशिनिंग केलेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, गंज आला होता आणि कस्टमरने फोटो पाठवले होते. त्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला. बोअरच्या, म्हणजे गोल भोकाच्या, आतल्या चकचकीत भागावर एक अंगठा उमटला होता, गंजाचा. रेषा न् रेषा मोजता यावी इतका स्पष्ट. मी विचारलं, "पार्ट पिशवीत भरताना पोरं हातमोजे घालतात का?" तो गप्प झाला. मग विचारलं, "पॅलेट कुठे ठेवता?" म्हणाला, "बाहेर, पत्र्याखाली. पण पॅलेट हीट ट्रीटमेंटची आहेत, शिक्का आहे त्यावर."

हा गैरसमज मी आजही आठवड्यातून एकदा ऐकते. निर्यातीच्या लाकडावर जो शिक्का असतो तो आयएसपीएम-१५ या नियमाचा. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान ३० मिनिटं राखायचं, म्हणजे कीड मरते. पण त्याने लाकूड वाळतंच असं नाही. शिक्का असलेलं लाकूडही ओलं असू शकतं, आणि कंटेनरमध्ये ती ओल बाहेर येऊन थंड लोखंडावर बसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा ओलावा मोजायचा मीटर घेऊन त्यांच्या शेडवर गेले. दोन सुया लाकडात टोचल्या, आकडा आला ३४ टक्के. त्याला बोलावून दाखवला. मग कोपऱ्यातली एक भरून ठेवलेली पिशवी उघडायला लावली. आतून पाण्याचे थेंब. वॉशिंगमधून निघालेला पार्ट पुरता वाळायच्या आत पिशवीत बंद केला होता. मी त्याला सांगितलं: पार्ट पूर्ण वाळवून, थंड करून भरा, हातमोजे सक्तीचे करा, पॅलेट आत घ्या आणि मीटरचा आकडा वीसच्या खाली आल्याशिवाय वापरू नका. पिशव्या ते दुसऱ्याकडून घेत होते आणि त्या पिशव्या चांगल्या होत्या, तेही सांगितलं. माझं काहीच विकलं गेलं नाही. तास-दीड तास गेला आणि पेट्रोल.

पाच महिन्यांनी त्याचा फोन आला. त्याने नोकरी बदलली होती, नव्या ठिकाणी पॅकिंग पहिल्यापासून बसवायचं होतं. त्या माणसाच्या शब्दावर पुढच्या काही वर्षांत माझ्याकडे अकरा गिऱ्हाइकं आली. पण समजा तो फोन आलाच नसता, तरी त्या दिवशी मी एका शेडच्या आत शिरले होते, तिथलं पॅकिंग कसं चालतं ते पाहिलं होतं आणि पुढच्या दहा ठिकाणी काय विचारायचं ते शिकले होते. हॉलमध्ये चहाचा कप धरून हे शिकता येत नाही. म्हणून माझ्या मते कार्यक्रमाचं खरं फळ एकच: दहा दिवसांच्या आत कुणाच्या तरी शेडवर जायचं निमंत्रण.

तुमच्याकडे तर यापेक्षा चांगली सोय आहे. तुमची लॅब २० अंशावर ठेवलेली, स्वच्छ, शांत. लोकांना तिथे बोलवा. मशिन शॉपमध्ये पाच-पाच वर्षं काम करणाऱ्या कितीतरी पोरांनी दोन स्लिप गेज (अचूक मापाचे गुळगुळीत ठोकळे) एकमेकांवर सरकवले की गोंदाशिवाय कसे घट्ट चिकटतात ते पाहिलेलं नसतं. त्यांच्या हातात द्या, करून बघू द्या. शनिवारी दुपारी चार-पाच क्वालिटीची माणसं बोलवा आणि मायक्रोमीटर कसा धरावा, अ‍ॅन्व्हिल (त्याचा स्थिर जबडा) कसा पुसावा, गेज कुठे चुकीचे ठेवले जातात एवढंच तासभर दाखवा. दर सांगू नका, पत्रक वाटू नका. जाताना ती आपसात ओळख करून घेतील आणि ती ओळख तुमच्या जागेत झालेली असेल. अबोल माणसाला हे फार सोपं जातं, कारण बोलायचा विषय त्याच्या हातातलाच असतो.

कार्डाचं म्हणाल तर मी अजूनही घेते, पण गाडी सुरू करायच्या आधी, पार्किंगमध्येच, प्रत्येक कार्डाच्या मागे पेनने दोन ओळी लिहिते. माझ्याकडे २००९ चं एक कार्ड आहे, मागे लिहिलंय: "सँड मिक्सर बदलणार, दिवाळीनंतर. मुलगी बारावीला. चहा बिनसाखरेचा." जूनमध्ये त्या माणसाला फोन करून मी मुलीचा निकाल विचारला होता. ती मुलगी आज इंजिनिअर आहे, तिच्या लग्नात मी जेवून आले. हे सगळं धंद्यासाठी केलं का? सुरुवात धंद्यासाठी झाली, हे खरं. पण खोटी विचारपूस माणसाला लगेच कळते. ज्याची चौकशी मनापासून करावीशी वाटत नाही, त्याचं कार्ड बाजूला ठेवावं.

त्याच रात्री एक छोटा मेसेज पाठवा, त्यात झालेल्या बोलण्यातली नेमकी गोष्ट हवी. "साहेब, तुम्ही थ्रेड रिंग गेज लवकर झिजतात म्हणालात. कुठल्या मटेरिअलचे आहेत ते पाठवलंत तर बघून सांगतो." एवढं पुरे. लॅबचं माहितीपत्रक त्याला जोडू नका. आणि भेटल्याभेटल्या कुणालाही न विचारता आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकू नका, त्याच्या इतका राग दुसऱ्या कशाचा येत नाही.

आता माझी एक चूक, जी तुम्ही करू नये असं मला मनापासून वाटतं. मी ज्या साप्ताहिक गटात होते तिथे दर आठवड्याला कुणाला तरी रेफरन्स द्यावा अशी अपेक्षा असायची. एका आठवड्यात हात रिकामे होते, म्हणून गटातल्या एका वाहतूकदाराचं नाव माझ्या चांगल्या गिऱ्हाइकाला सुचवलं. त्याचं काम मी स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं. गाडी दोन दिवस उशिरा पोचली आणि माल बंदरात वेळेत गेला नाही. गिऱ्हाईक वाहतूकदाराला बोललं नाही, मला बोललं. मी समोर जाऊन चूक कबूल केली, तरी त्यांनी दोन वर्षं माझ्याकडून एक पेटीसुद्धा घेतली नाही. तेव्हापासून ज्याचं काम मी वापरलेलं नाही किंवा ज्याच्या शेडवर गेलेले नाही, त्याचं नाव मी पुढे करत नाही. आणि नाव देताना बाकीचंही सांगते: हा माणूस कामाला पक्का आहे पण शनिवारी फोन उचलत नाही, ही कंपनी मोठी आहे पण पेमेंट साठ दिवसांनी येतं. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळायला हवेत, हे सगळ्यांना माहीत आहे. प्रत्यक्षात कोण कधी देतं ही माहिती आपण एकमेकांना देतो तेव्हाच आपली ओळख कामाची होते. तुम्हाला कुणी काम सुचवलं तर काम झाल्यावर त्या माणसाला फोन करून सांगा, "झालं काम, असं असं झालं." बिघडलं असलं तरी सांगा. आपण दिलेल्या नावाचं पुढे काय झालं हे न कळणं फार वाईट असतं. पुढच्या वेळी तो नाव देत नाही.

किती कार्यक्रमांना जावं? महिन्यातून दोन. पण तेच दोन, वर्षभर. चौदा ठिकाणी एकेकदा गेलेला माणूस चौदाही ठिकाणी नवखाच राहतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी लोक नावाने हाक मारायला लागतात, सहाव्या वेळी कुणीतरी म्हणतं, "अहो, तुम्ही मागे म्हणाला होतात ना ते गेजचं..." तिथून खरी सुरुवात. मला तिथवर पोचायला आठ महिने लागले होते. त्या आठ महिन्यांत एकही ऑर्डर आली नव्हती आणि घरी त्यावरून बोलणीही झाली होती. तेवढी तयारी ठेवा.

ती तीनशे कार्डं फेकू नका. या रविवारी टेबलावर पसरून बसा. ज्याचा चेहरा आठवत नाही, ते कार्ड बाजूला. उरलेल्यांतून तुमच्याच गिऱ्हाइकांकडे जाणारे किती आहेत ते बघा: सल्लागार, गेजवाले, टेस्टिंग लॅबवाले. दहा-बारा निघतील. सोमवारपासून रोज दोघांना फोन करा आणि म्हणा, "मागे भेट झाली होती, तेव्हा नीट बोलणं झालं नाही. तुमच्या शेडवर येऊन जाऊ का?" काही जण टाळतील. जे "या" म्हणतील त्यांच्याकडे जाताना खिशात एक स्वच्छ कापड आणि स्लिप गेजची छोटी पेटी असू द्या. तिथे एखादा व्हर्नियर पडलेला असतोच. तो उचला, पुसा, शून्य बघा आणि जे दिसेल ते खरं सांगा.